धूमकेतूला नंबर कसा द्यायचा? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की धूमकेतू, सुपरनोव्हा (म्हणजे फुटणारे तारे) आणि सक्रिय दीर्घिका (म्हणजे ज्यांचा गाभा भडकलेला असतो त्या) यांचा उजेड कमीजास्त होत असतो आणि तो घरच्या गच्चीवरूनही मोजता येतो, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. नेहमीसारखी नावं काढलीत, गावं ठेवलीत. काही प्रश्न एकमेकांत मिसळलेत, रागावू नका.

प्रश्न (कराड): ताई, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू आला तेव्हा सगळीकडे ‘शुक्राएवढा तेजस्वी’ असं येत होतं. आम्ही दसऱ्यानंतर सलग चार संध्याकाळी डोंगरावर गेलो, पोरांना घेऊन, आणि दिसलं काय तर बायनॉक्युलरमधून एक पुसट फराटा. मग ती बातमी थाप होती का?

उत्तर: थाप नव्हती हो, बातमी अर्धी होती. ९ ऑक्टोबरच्या आसपास हा धूमकेतू खरंच शुक्राच्या तोडीचा झाला होता, पण तेव्हा तो आपल्या बाजूने बघताना सूर्याला जवळजवळ चिकटलेला, त्यामुळे तो बघितला सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्याने, तुम्ही-आम्ही नाही. आणि तेव्हा तो चमकला ते त्याच्यात काही नवीन घडलं म्हणूनही नाही. तो आपल्या आणि सूर्याच्या मधल्या बाजूला आला होता आणि त्याची धूळ मागून उजळली होती. संध्याकाळी मावळतीकडे तोंड करून गाडी चालवताना पुढच्या काचेवरची धूळ कशी एकदम डोळ्यावर येते, आणि वळण घेतलं की तीच काच स्वच्छ वाटायला लागते, तसंच. तुम्ही गेलात तोवर गाडीने वळण घेतलं होतं. १२ ऑक्टोबरला तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, तिथून पुढे रोज लांब आणि रोज मंद.

दुसरी गोष्ट म्हणजे धूमकेतूचा जो आकडा छापतात (त्याला प्रत म्हणतात, आकडा लहान तेवढा उजेड जास्त) तो त्याचा सगळा उजेड एका ठिपक्यात गोळा केला तर किती होईल याचा असतो. चमचाभर तूप एका घासावर घातलं तर तो घास तुपाने चमकतो, तेच तूप पातेलंभर भातावर घातलं तर विचारायला लागतं की घातलंय ना नक्की. ३ प्रतीचा तारा शहरातूनही दिसतो, ३ प्रतीचा धूमकेतू शहराच्या उजेडात विरघळून जातो. त्यात तो क्षितिजाजवळ, म्हणजे आपल्याकडच्या धुळीचा आणि धुराचा सगळ्यात जाड थर मध्ये. दहा अंश उंचीवर डोक्यावरच्या मानाने सहज एक-सव्वा प्रतीचं नुकसान होतं, आणि एक प्रत म्हणजे अडीच पट.

आता भाकितांबद्दल. धूमकेतू नुसता आरशासारखा असता तर सूर्यापासूनचं अंतर निम्मं झाल्यावर त्याचा उजेड चौपट झाला असता. पण जवळ आला की बर्फाची वाफ होते, वाफेबरोबर धूळ उडते, डोकं फुगतं, म्हणून साधारण हिशोब असा धरतात की अंतर निम्मं झालं तर उजेड सोळापट. हा सरासरीचा हिशोब आहे आणि धूमकेतूंना तो कुणी सांगितलेला नाही. १९७३ चा कोहूटेक फार लांबून चमकायला लागला म्हणून जगभर हवा झाली आणि जवळ येईपर्यंत बाईसाहेब थंड. २०१३ चा आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालता घालताच विरला. उलट या त्सुचिनशान-ॲटलसबद्दल जुलै २०२४ मध्ये धूमकेतूंचे अभ्यासक झ्डेनेक सेकानिना यांच्यासारख्या जाणत्या माणसाने लिहिलं होतं की हा सूर्यापर्यंत पोचायच्या आधीच फुटणार, आणि तो फुटला नाही, उलट तुमच्या पोरांना फराटा का होईना दाखवून गेला. म्हणून माझं म्हणणं असं की धूमकेतूचं भाकीत ऐकायचं, पण वहीत लिहायचं ते आपण बघितलेलं.

प्रश्न (नांदेड, बीएस्सीची विद्यार्थिनी): वहीत लिहायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं? तारा ठिपका असतो, त्याची तुलना करता येते. धूमकेतू तर कापसाचा बोळा. त्याला ४.४ की ४.६ हे कसं ठरवायचं? मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या सॉफ्टवेअर लागतं.

उत्तर: सॉफ्टवेअर असेल तर छानच, पण नसेल तर अडत नाही. आधी ताऱ्यांवर हात बसव. शरद ऋतूत संध्याकाळी उत्तरेला वृषपर्वा म्हणजे सेफियस दिसतो, त्यातला डेल्टा तारा सव्वापाच दिवसांच्या थोडं वर वेळात ३.५ पासून ४.४ पर्यंत खाली जाऊन परत येतो. त्याच्या शेजारीच दोन तारे आहेत, झीटा साधारण ३.४ चा आणि एप्सिलॉन ४.२ चा. रोज रात्री स्वतःला एवढंच विचार की डेल्टा झीटाच्या जवळ आहे की एप्सिलॉनच्या, मधलं अंतर चार भागांत कापलं तर कितव्या भागावर. पाव अंतरावर वाटला तर ३.६ लिही. बास. पंधरा दिवस केलंस की तुझ्या स्वतःच्या हाताने त्याच्या चढउताराचा आलेख निघतो आणि तो बघून जो आनंद होतो तो मी तुला सांगत बसत नाही.

धूमकेतूसाठी एक जास्तीची पायरी. धूमकेतू नीट फोकसमध्ये ठेवून बघायचा आणि त्याच्या डोक्याचा सरासरी उजेड मनात पक्का करायचा, किती फिकट आहे, किती गडद आहे असा. मग बायनॉक्युलर जवळच्या ताऱ्याकडे न्यायचा आणि तो तारा आउट ऑफ फोकस करत करत धूमकेतूच्या डोक्याएवढा फुगवायचा. आता दोन्ही कापसाचे बोळे झाले, आता तुलना होते. असे एक उजळ आणि एक मंद तारा घेऊन धूमकेतूला मध्ये कुठे तरी बसवायचं. म्हणजे एक तारा ४.२ चा, दुसरा ५.० चा, धूमकेतू पहिल्यापासून पाव अंतरावर, तर ४.४. पहिल्या दिवशी हे फार कसंतरी होतं, दर वेळी फोकसची चाकी फिरवताना मनातला उजेड उडून जातो, चौथ्या-पाचव्या रात्रीपासून बसतं.

तुलनेचे तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे घे. धूमकेतू क्षितिजाला टेकलाय आणि तारा डोक्यावरचा घेतलास तर तू धूमकेतू नाही, धूळ मोजतेयस. तांबडे तारे टाळ, कारण तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघितलं की तो डोळ्यात हळूहळू उजळत जातो आणि आकडा घसरतो. पर्वताएवढी मोठी दुर्बीण लागत नाही, उलट धूमकेतू मोठा आणि उजळ असेल तेव्हा लहान साधन चांगलं, मोठ्या दुर्बिणीत त्याच्या कडा कापल्या जातात आणि तो असतो त्यापेक्षा मंद नोंदवला जातो.

वहीत तारीख आणि वेळ, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, म्हणजे जागतिक वेळेत. प्रत. डोक्याचा व्यास अंदाजे किती मिनिटं (घड्याळाची नव्हेत, अंशाचा साठावा भाग ती). डोकं किती घट्ट आहे त्याचा ० ते ९ मधला आकडा, ० म्हणजे सगळीकडे सारखा पसरलेला, ९ म्हणजे जवळजवळ तारा. कोणतं साधन, किती मोठं, किती पट. आणि कोणते तारे वापरलेस ते, हे शेवटचं विसरू नकोस, का ते खाली माझ्याच फजितीत येईल. अशा नोंदी स्लोव्हेनियातल्या कोब्स या धूमकेतूंच्या डेटाबेसवर कुणालाही देता येतात.

जाता जाता, तू पत्राच्या शेवटी विचारलंयस की उजळ ताऱ्याचा आकडा लहान का. जुनी सवय, पहिल्या प्रतीचे म्हणजे सगळ्यात भारी, दुकानातल्या पहिल्या प्रतीच्या गुळासारखं. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट हे मोजमाप १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन यांनी मांडलं, आणि हे पॉग्सन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले ते १८९१ मध्ये मरेपर्यंत तिथेच होते. त्यांच्याच हाताखालचे चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये आर रेटिक्युली या ताऱ्याचा उजेड बदलतो हे शोधलं. म्हणजे हा उद्योग आपल्याकडे परका नाहीच.

प्रश्न (रत्नागिरी): धूमकेतू हळूहळू उजळतो हे समजलं. पण एका रात्रीत भडकतो असं वाचलं, ‘डेव्हिल कॉमेट’ का काय ते. हे खरं?

उत्तर: खरं, आणि सैतान वगैरे काही नाही. १२पी पॉन्स-ब्रुक्स हा साधारण ७१ वर्षांनी येणारा धूमकेतू, २० जुलै २०२३ ला एकदम पाच प्रतींनी म्हणजे शंभर पटीने उजळला आणि फोटोत धुळीला दोन शिंगं आल्यासारखी दिसली, बास, नाव पडलं. २९पी नावाचा एक आहे तो तर वर्षातून कितीतरी वेळा असे झटके देतो.

पण राणी त्यातली १७पी होम्स. ऑक्टोबर २००७, दिवाळीच्या आधी. हा धूमकेतू तेव्हा सूर्यापासून लांब चालला होता, १७ व्या प्रतीच्या आसपास, म्हणजे मोठ्या दुर्बिणीलाही जेमतेम, आणि दोनेक दिवसांत तो ३ प्रतीच्याही वर गेला. जवळजवळ पाच लाख पट! मी गच्चीवर गेले आणि ययाती तारकासमूहात एक जास्तीचा तारा. शेपूट नाही, काही नाही, नुसता पिवळट तारा जो काल तिथे नव्हता. नंतरच्या दिवसांत तो फुगत गेला, गोल बुडबुड्यासारखा, आणि नोव्हेंबरात त्या धुळीच्या ढगाचा व्यास सूर्यापेक्षा मोठा झाला होता. मजा म्हणजे १८९२ मध्ये एडविन होम्स यांनी तो शोधला तोही अशाच भडक्यामुळे.

आता फजिती. मी तेव्हा दहा वर्षं आकाश बघत होते, हेल-बॉप धूमकेतूपासून, त्यामुळे थोडी शिंगं मलाही फुटलेली. एका रात्री होम्सची नोंद केली २.७. दुसऱ्या रात्री १.९. एवढी उडी! मला वाटलं परत स्फोट झाला, मी हात थरथरत आमच्या ग्रुपमधल्या एका जुन्या काकांना फोन केला, रात्रीचे साडेअकरा. ते शांतपणे म्हणाले, तुलनेला कोणता तारा घेतलास? मी म्हटलं, शेजारचाच, अल्गोल. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही, मग खोकल्यासारखं हसू. अल्गोल हा स्वतःच दर २ दिवस २१ तासांनी ग्रहण लागून २.१ वरून ३.४ वर घसरतो, हे मला पुस्तकातून तोंडपाठ होतं, आणि तरी मी त्या रात्री मंदावलेल्या अल्गोलला २.१ समजून धूमकेतूला त्याच्या वर बसवलं होतं. धूमकेतू होता तिथेच होता, माझी फूटपट्टी आखडली होती. तरी बरं, वहीत तारा कोणता ते लिहिलेलं होतं, नाहीतर ती नोंद कायमची स्फोट म्हणून राहिली असती. तेव्हापासून मी तुलनेचे तारे नकाशावर बघूनच घेते. एएव्हीएसओ म्हणजे रूपविकारी (उजेड बदलणारे) तारे बघणाऱ्यांची जी अमेरिकन संस्था आहे, १९११ सालची, तिचे नकाशे फुकट मिळतात, त्यात ताऱ्याशेजारी ४२ लिहिलं असेल तर ४.२ समजायचं, टिंब मुद्दाम देत नाहीत, कारण टिंबच कुणीतरी तारा समजेल.

प्रश्न (नाशिक): माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. मे २०२३ मध्ये एम १०१ या दीर्घिकेतला सुपरनोव्हा मी बघितला, नोंदी मात्र ठेवल्या नाहीत. आता पश्चात्ताप होतोय. सुपरनोव्हाच्या नोंदींचा अजून उपयोग आहे का, का सगळं ऑटोमॅटिक दुर्बिणीच करतात? आणि स्वतः शोधण्याची काही शक्यता?

उत्तर: पश्चात्ताप करा थोडा, हरकत नाही. तो एसएन २०२३आयएक्सएफ, १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकी यांनी शोधला, हे हौशीच बरं का. सप्तर्षींच्या शेपटीतले वसिष्ठ आणि मरीचि घेऊन वरच्या बाजूला त्रिकोण केला की एम १०१, साधारण दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवर. सापडला तेव्हा तो पंधराव्या प्रतीच्या जवळ होता आणि काही दिवसांतच ११ प्रतीच्या आसपास पोचला. त्याच्या पहिल्या काही तासांत तो कसा चढला हे नंतर समजलं ते बरंचसं हौशी लोकांनी त्या रात्री सहज काढून ठेवलेल्या एम १०१ च्या फोटोंवरून. कुणालाच माहीत नव्हतं की फोटोत काय येतंय. आपल्याकडे लडाखमधल्या हानलेची हिमालयन चंद्रा दुर्बीण, तिथलीच आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आणि वर फिरणारा ॲस्ट्रोसॅट उपग्रह, तिघांनीही त्याच्यावर नजर ठेवली होती.

चढउताराचा आलेख का लागतो ते सांगते, कारण हाच या सगळ्यातला गाभा आहे. सुपरनोव्हा कशाचा होता हे त्याच्या उतरण्याच्या चालीवरून ओळखू येतं. एक प्रकार म्हणजे टाइप वन-ए, पांढरा बटू तारा (जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा) अख्खा फुटतो. तो अडीचेक आठवड्यांत चढतो आणि लगेच उतरायला लागतो. त्याचा उजेड म्हणजे खरं तर स्फोटात तयार झालेल्या किरणोत्सारी निकेलची शिदोरी. निकेल ५६ सहा दिवसांत निम्मं होऊन कोबाल्ट बनतं, कोबाल्ट ७७ दिवसांत निम्मं होऊन लोखंड. तुम्ही गच्चीवरून त्या ठिपक्याला रोज नंबर देता तेव्हा कोट्यवधी प्रकाशवर्षांवर कोबाल्टचं लोखंड होताना मोजत असता, तेही पाटीपेन्सिल घेऊन. या प्रकारात जो हळू उतरतो तो मुळात जास्त तेजस्वी असतो, हे मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवलं, आणि त्या एका नियमावर अंतरं मोजून १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे कळलं. २०११ मध्ये याच एम १०१ मध्ये या प्रकारचा एक झाला होता, २०११एफई, १० व्या प्रतीपर्यंत आला होता, लहान दुर्बिणीतही सोपा.

तुमचा २०२३ चा मात्र टाइप टू, मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळलेला. हे चढतात, मग दोन-तीन महिने पठारावर चालल्यासारखे जवळजवळ तसेच राहतात, कारण हायड्रोजनचं जाड कवच हळूहळू निवत असतं, आणि मग एकदम कड्यावरून उतरतात. एका रात्रीच्या नोंदीत यातलं काहीच कळत नाही. वीस रात्री लागतात.

ऑटोमॅटिक दुर्बिणींचं म्हणाल तर चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं जून २०२५ मध्ये आली, ती मंद सुपरनोव्हांचा पाऊस पाडणार आहे, पण तिचा आरसा एवढा मोठा की १६-१७ प्रतीपेक्षा उजळ गोष्टी तिच्या कॅमेऱ्यात पांढऱ्याफटक होतात. म्हणजे जवळचे, उजळ, तुमच्या आठ इंचीत दिसणारे सुपरनोव्हा आपल्याच वाट्याला. शोधायचं मात्र आता कठीण झालंय, खोटं का सांगू. ऑस्ट्रेलियात रॉबर्ट इव्हान्स म्हणून एक पाद्री होते, शेकडो दीर्घिकांचे चेहरे त्यांना पाठ होते, नुसत्या डोळ्याने बघून ४० च्या वर सुपरनोव्हा शोधले त्यांनी. तो काळ गेला. पण २१ जानेवारी २०१४ ला लंडन विद्यापीठाच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी विद्यार्थ्यांना दुर्बीण कशी वापरायची ते दाखवत होते, ढग यायला लागले म्हणून घाईत उजळ असलेल्या एम ८२ या दीर्घिकेकडे वळवली, आणि तिथे सुपरनोव्हा बसलेला. तेव्हा अगदीच दार बंद नाही.

प्रश्न (डोंबिवली): ग्रुपवर कुणीतरी टाकलं की एका दीर्घिकेचा उजेड एका दिवसात बदलला. दीर्घिका लाखभर प्रकाशवर्षं रुंद असते, मग सगळीकडचे तारे एका दिवसात एकदम कसे ठरवतील? फॉरवर्ड खोटा वाटतो.

उत्तर: फॉरवर्ड खरा आहे आणि तुमची शंका त्याहून चांगली आहे. तुम्ही जे म्हणताय तोच तर पुरावा. दीर्घिका सगळी मिळून बदलूच शकत नाही, मंडपाच्या एका टोकाला टाळी वाजली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जायला वेळ लागतो, म्हणून एका दिवसात उजेड बदलत असेल तर तो उजेड देणारी जागा साधारण एका प्रकाशदिवसापेक्षा मोठी असू शकत नाही. एक प्रकाशदिवस म्हणजे २६ अब्ज किलोमीटरच्या आसपास, सूर्य ते नेपच्यून या अंतराच्या सहापटीपेक्षा कमी. एवढ्याशा जागेतून अख्ख्या दीर्घिकेला फिकं पाडणारा उजेड! म्हणून मध्ये महाप्रचंड कृष्णविवर आणि त्यात गरगरत पडणारा तापलेला वायू असं मानावं लागतं. (कृष्णविवरातून सुटलेला झोत नेमका आपल्या दिशेला असेल तर हा हिशोब थोडा सैल होतो, सगळं घाईघाईने घडल्यासारखं दिसतं, पण मुद्दा तोच.)

अशाच एका दीर्घिकेचं बीएल लॅसर्टी हे नाव ताऱ्याचं आहे, कारण १९२९ मध्ये कुनो हॉफमाइस्टर यांनी तो सरठ तारकासमूहातला रूपविकारी तारा म्हणूनच नोंदवला आणि जवळजवळ चाळीस वर्षं तो ताऱ्यांच्या यादीत बसला होता, १९६८ मध्ये लक्षात आलं की इथून रेडिओ लहरी येतायत, हा तारा नाही. एरवी १४-१५ च्या आसपास असतो, २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये १२ च्या जवळ आला होता. सुरुवातीला सोपं म्हणजे कन्या राशीतला ३सी २७३, मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ज्याचं अंतर ओळखलं तो क्वासार, म्हणजे ताऱ्यासारखा ठिपका दिसणारा लांबच्या दीर्घिकेचा भडक गाभा. १३ प्रतीच्या आत-बाहेर, मार्च ते मे आपल्याकडे रात्रभर वर, काळोख्या जागेवरून आठ इंचीत दिसतो. दिसतो म्हणजे एक अगदी सामान्य ठिपका, बघून कुणी वाहवा करणार नाही, फक्त तो उजेड साधारण २ अब्ज वर्षांपूर्वी निघालाय. डोंबिवलीच्या गच्चीतून नाही दिसायचा, वांगणीला जावं लागेल किंवा अजून पुढे.

आणि मुंबईकरांनो, ओजे २८७ हा असाच एक भडकणारा गाभा तर आपल्या घरचाच म्हणायला हरकत नाही. कर्क राशीत, १८९० च्या दशकापासूनच्या, आकाशाचे फोटो काढलेल्या जुन्या काचेच्या प्लेट्सवर त्याचे ठिपके आहेत, आणि ते सगळे ओळीने लावल्यावर फिनलंडच्या लोकांना दिसलं की हा साधारण बारा वर्षांनी दोनदोनदा भडकतो. एक कल्पना अशी की मोठ्या कृष्णविवराभोवती एक छोटं कृष्णविवर फिरतंय आणि जाता-येता मोठ्याभोवतीच्या वायूच्या तबकडीत घुसतंय. हा हिशोब मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) ए. गोपकुमार, लंकेश्वर डे यांनी फिनलंडच्या मौरी वाल्टोनेन वगैरेंबरोबर इतका बारीक केला की ३१ जुलै २०१९ ला भडका होईल असं सांगितलं. तेव्हा ओजे २८७ आपल्याकडून सूर्यामागे, पृथ्वीवरून कुणाला दिसणार नाही. पण अवकाशातली स्पिट्झर दुर्बीण पृथ्वीपासून बरीच लांब गेली होती, तिला दिसला, सांगितलेल्या वेळेच्या चार तासांच्या आत. गोष्ट इथे संपली असती तर फार सुंदर झालं असतं, पण २०२२ साठी सांगितलेला पुढचा भडका बघणाऱ्यांना तसा दिसला नाही, आणि आता मोठं कृष्णविवर सांगतात तेवढं मोठं नाहीच, सूर्याच्या १८ अब्ज पट नसून शंभरेक पट हलकं असावं, असा दुसरा पक्ष आहे. मला व्यक्तिशः पहिली कल्पना आवडते, पण आवडण्यावर आलेख चालत नाही.

प्रश्न (सावंतवाडी): आमच्याकडे चार महिने पाऊस. जून ते सप्टेंबर काय करायचं? आणि मोबाइलने किंवा त्या नवीन छोट्या स्मार्ट दुर्बिणीने मोजलं तर चालतं का, का डोळ्यानेच पाहिजे?

उत्तर: चालतं, उलट मंद गोष्टींना तेच बरं. नुसता मोबाइल हातात धरून नाही, स्मार्ट दुर्बीण किंवा ट्रायपॉडवर डीएसएलआर. अट एकच, फोटो सजवायचा नाही. मोबाइलवर तयार होऊन येणारा चकचकीत फोटो मोजायच्या कामाचा नाही, मूळ कच्च्या फाइल्स ठेवायच्या, तारे पांढरेफटक होऊन जळू द्यायचे नाहीत, डीएसएलआर असेल तर हिरवा रंग तेवढा वेगळा काढून मोजायचा कारण तो डोळ्याच्या मोजमापाला जवळचा. मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये दीर्घिकेच्या गाभ्याला दर वेळी एकाच मापाचं वर्तुळ लावायचं, आज लहान उद्या मोठं केलं की आजूबाजूचा दीर्घिकेचा धुरकटपणा कमीजास्त आत येतो आणि तुम्हाला वाटतं कृष्णविवर जेवलं.

पावसाचं दुःख मी तुम्हाला काय सांगू, मलाही तेच आहे. एक समाधान म्हणजे ज्युलियन दिवस (नोंदींसाठी दिवसांना ओळीने दिलेला नंबर) आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते, अमेरिकेत काही ठिकाणी मध्येच बदलतो. हे काही पावसावरचं औषध नाही, मला आवडतं म्हणून सांगितलं. पावसात जुन्या प्लेट्स बघा. हार्वर्डच्या काचेच्या चार लाखांहून जास्त प्लेट्स स्कॅन करून नेटवर ठेवल्यात, १८८० च्या दशकापासूनच्या, त्यात ३सी २७३ सुद्धा आहे, क्वासार हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीचा. आणि ढगांना भोक पडलं की उत्तर मुकुट तारकासमूहाकडे नजर टाकायची. तिथला टी हा तारा १८६६ आणि १९४६ ला भडकून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत आला होता, एरवी १० वा. परत येईल म्हणून लोक डोळे लावून आहेत. ‘अमुक वाजता बघितला, काही नाही, ५ पेक्षा मंद’ ही सुद्धा नोंद असते. उद्या भडकला तर तो त्या वेळेपर्यंत भडकला नव्हता हे तुमच्याच वहीतून कळेल.

कोकणातल्या चार महिन्यांवरून आठवलं, बंगालच्या जेसोरला, तिथला पाऊस काही कमी नाही, राधागोविंद चंद्र म्हणून सरकारी खजिन्यात नोकरी करणारे गृहस्थ होते. शिक्षण बेताचं. त्यांनी आयुष्यभरात एएव्हीएसओला रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. १९२६ मध्ये संस्थेने अमेरिकेहून त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली, बोटीने, आणि त्यांचं काम झाल्यावर तीच दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली.

प्रश्न (बारामती, इयत्ता सहावी): मी आणि माझ्या दादाने ऑक्टोबरमध्ये लेमन धूमकेतू बायनॉक्युलरमधून बघितला. मी ४.८ लिहिलं आणि दादाने ४.३. दादा म्हणतो तो मोठा आहे म्हणून त्याचं बरोबर. कोणाचं बरोबर?

उत्तर: दोघांचंही असू शकतं. धूमकेतू म्हणजे विरत जाणारी कड, एकाला ती जास्त लांबपर्यंत दिसते, एकाला कमी, त्यामुळे अर्ध्या प्रतीचा फरक जुन्या-जाणत्या लोकांतही पडतो. तुमचा फरक रोज तेवढाच येतो का ते बघा, रोज दादा तुझ्यापेक्षा अर्ध्या प्रतीने उजळ लिहीत असेल तर काहीच बिघडलं नाही, दोघांचे आलेख एकमेकांना समांतर जातील आणि बघणाऱ्याला ते कळतं. बिघडतं कधी तर तू दादाचं ऐकून आपला आकडा ४.५ केलास की. तेव्हा वह्या दोन करा, एकमेकांना दाखवायच्या नाहीत, दादा आधी बघून झाला तर तोंडाने आकडा बोलायचा नाही. आणि मला पुढच्या वेळी दोन्ही वह्यांचे फोटो पाठवा, वेळेसकट. तू वेळ लिहिलेली नाहीस.